क्रुशियल बीएक्स५०० एसएसडी, रॅम, राउटरचा मिनी यूपीएस : दोस्तांना विचारून घेतलेल्या सामानाचा रिव्ह्यू

मी बेळगावच्या शहापुरात घरीच लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांचे फ्लेक्स असलं डिझाईन करून देतो. बेळगावात काम म्हटलं की एकच पत्रिका मराठीत पण पायजे आणि कन्नडमध्ये पण पायजे, त्यामुळे डिझाईनचं कोरल उघडं, मराठी टायपिंगची श्रीलिपी उघडं, कन्नडची नुडी उघडं, व्हॉट्सॅप वेबवर गिऱ्हाईक फोटो पाठवायला लागलेलं, आणि हे सगळं आठव्या जनरेशनच्या आय५ लॅपटॉपवर, ज्यात १ टीबीची जुनी फिरणारी हार्डडिस्क आणि ८ जीबी रॅम. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन, आणि त्याच्या जरा आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा सपोर्ट संपला. मग नवा लॅपटॉप घ्यायचा का काय करायचं, ते ज्याला त्याला विचारायला सुरुवात केली, आणि विचारलं ते बरंच झालं. रिव्ह्यू सामानाचा आहेच, पण कुणाच्या सल्ल्यानं काय घेतलं ते सांगितल्याशिवाय तो अर्धाच राहील.

पुण्यात आयटीत असलेला दोस्त म्हणाला सरळ गेमिंग लॅपटॉप घे, ग्राफिक कार्ड असलेला, दहा वर्षं बघायला नको. कोल्हापूरचा मामेभाऊ म्हणाला पातळ, हलका घे, गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन दाखवायला बरा पडतो. दोघांनी मनापासून सांगितलं, पण दोघांनी सांगितलं ते स्वतःच्या कामाचं. माझं काम सगळं टू-डी, त्यात पत्रिकेच्या डिझाईनला मोठं ग्राफिक कार्ड करणार काय? आणि पातळ लॅपटॉपला बऱ्याचदा दोन टाईप-सी पोर्ट आणि बाकी काही नाही. माझ्याकडं श्रीलिपीचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी यूएसबीची चावी) आहे, तो जुन्या यूएसबीत कायम खोचलेला लागतो, शिवाय माउस, प्रिंटर, पेनड्राईव्ह घेऊन येणारं गिऱ्हाईक, म्हणजे लॅपटॉपबरोबर हब आलाच. पोर्टचा विषय कुणी काढतच नाही, विकणारा तर नाहीच नाही.

खरा सल्ला मिळाला तो शेजारच्या पोराकडनं, व्हीटीयूच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं आधी एक शब्द सल्ला दिला नाही. म्हणाला, "दादा, तुम्ही रोजचं सगळं उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा आणि परफॉर्मन्सचा फोटो मला पाठवा." पाठवला. सीपीयू वीस-पंचवीस टक्के, रॅम जवळजवळ भरलेली, आणि डिस्क शंभर टक्क्यांना चिकटलेली, हलायलाच तयार नाही. म्हणाला प्रोसेसर रिकामा बसलाय आणि हार्डडिस्कची वाट बघायलाय, नवीन मशीन कशाला घेताय. वर हेपण सांगितलं की आठवी जनरेशन विंडोज ११ च्या यादीत बसते, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, चालू आहे का तेवढं बघा. होतं. नव्या लॅपटॉपचा खर्च तिथंच वाचला.

म्हणजे हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, फिरणारं काही नसलेली चिपवाली डिस्क, टाकायची ठरली. कुठली, यावर मात्र दोस्तांच्यात एकमत नाही. एकजण म्हणाला एनव्हीएमई घे, सॅटा जुनं झालं (दोन्ही एसएसडी जोडायच्या पद्धती). बरोबर आहे, एनव्हीएमई लय फास्ट, पण आधी मशीनमध्ये जागा पायजे ना. खडेबाजारच्या बाजूच्या एका बोळातल्या दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो, तिथल्या मालकांनी काउंटरवरच स्क्रू काढून मागचं कव्हर खोललं आणि टॉर्च मारून दाखवलं. एनव्हीएमईची पट्टी बसते त्या एम.२ च्या स्लॉटची जागा बोर्डावर छापलेली होती, पण कनेक्टरच बसवलेला नाही. मी एनव्हीएमईचं नाव काढल्यावर म्हणाले, "ब्याड री (नको हो) सर, पैसे वाया जातील, अडीच इंची सॅटाच बसतंय ह्यात." आणि ज्यांच्याकडं स्लॉट आहे त्यांनी पण तो सॅटावाला आहे का एनव्हीएमईवाला ते विचारून घ्या, दिसायला सारखेच असतात आणि चुकीची पट्टी चालत नाही.

तर क्रुशियल बीएक्स५००, ५०० जीबी, अडीच इंची. कंपनी ५४० एमबी सेकंदाला म्हणते, माझ्या मशीनवर टेस्ट लावली तर पाचशेच्या वरच दाखवतंय. जुनी हार्डडिस्क शंभराच्या आसपास जायची आणि बारीक बारीक फाईली असल्या की तेवढीपण नाही. आकडा राहू दे, कामात काय फरक पडला ते सांगतो. आधी कोरल उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन व्हायचा, आता कप हातात देईपर्यंत फाईल समोर. श्रीलिपीचे शेकडो फॉन्ट भरलेत, त्यामुळे फॉन्टची यादी खाली ओढली की पूर्वी स्क्रीन अडकायची, ती आता सरळ खाली जाते. मला हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो, कारण गिऱ्हाईक शेजारी बसून "हा फॉन्ट नको, तो दाखवा" करत असतं.

कमीपणा पण आहे. ह्या स्वस्तातल्या ड्राईव्हमध्ये पटकन लिहून घ्यायची जागा (कॅश) थोडीच असते, ती भरली की संपलं, म्हणून लग्नाच्या फोटोंचा मोठा फोल्डर एकदम कॉपी करायला लावला की सुरुवातीला पळतं आणि मग स्पीड धपकन खाली येतो. रोजच्या डिझाईनच्या कामात हे जाणवत नाही, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी मात्र दुसरं बघावं. ५०० जीबी म्हणून घेतलं तरी विंडोज ४६५ दाखवतं, त्यात फसवणूक काही नाही, मोजायची पद्धत वेगळी. वॉरंटी ३ वर्षं, बिल पक्कं घ्या. आणि आता एक गोष्ट बघूनच घ्या, क्रुशियलची मालक कंपनी मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की क्रुशियल नावानं साध्या गिऱ्हाइकांना विकायचा धंदा बंद करणार, वॉरंटीची सेवा चालू ठेवू असंही म्हटलंय. त्यामुळे माल मिळतोय का, कितीला मिळतोय ते बघून किंग्स्टन नायतर डब्ल्यूडी पण विचारा.

जुन्या डिस्कवरचं सगळं दुकानातच क्लोन करून घेतलं, त्याला वेळ लागतो, लॅपटॉप ठेवून यावं लागलं, पण फॉन्ट, शॉर्टकट, टूलबार सगळं होतं तसंच आलं, नव्यानं मांडायचा ताप वाचला. क्रुशियलबरोबर अॅक्रॉनिसचं क्लोनिंग सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ज्यांना जमतं त्यांनी घरी करा. निघालेली हार्डडिस्क टाकू नका, यूएसबी ३ चं केसिंग मिळतं, त्यात घालून मी बॅकअपला ठेवलीय. केसिंगची वायर निळ्या पोर्टला लावायची, काळ्या यूएसबी २ ला लावली तर कॉपी रांगत होते.

रॅम ८ जीबी डीडीआर४ अजून एक टाकली. दुकानात ३२०० वाली होती, माझा प्रोसेसर २४०० ला चालवतो, त्यानं बिघडत काही नाही, ती खाली उतरून चालते. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटाकडं चांगलेच चढले, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरकडं चाललाय म्हणतात, तरी दोन पट्ट्या झाल्यामुळे मशीन मोकळं झालंय, कन्नड आणि मराठी दोन्ही फाईली उघड्या ठेवून मजकूर ताडून बघता येतो. चुकून मुहूर्ताची वेळ दोन भाषांत वेगळी छापली गेली तर काय होतं ते पत्रिकेचं काम करणाऱ्यालाच माहीत.

राउटरचा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी राउटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी, मात्र वेगळ्याच माणसानं सुचवला. खानापूरकडं माझा एक वर्गमित्र ग्राम वनचं (कर्नाटक सरकारची कामं करून देणारं) सेंटर चालवतो, तिकडं पावसात झाड पडलं की हेस्कॉमची लाईट गेलीच आणि लोक तर उताऱ्यासाठी रांगेत उभे. तो म्हणाला, "मर्दा, लॅपटॉपला बॅटरी हाय की, तू नेटचं बघ." घ्यायच्या आधी त्यानं राउटरच्या अडॅप्टरची मागची बाजू वाचायला लावली, १२ व्होल्ट लिहिलंय का ९, आणि अँपियर किती. माझा १२ व्होल्ट १ अँपियर, त्याच मापाचा घेतला. लाईट जाते तेव्हा राउटरचा दिवासुद्धा मिचकत नाही, गिऱ्हाइकाला प्रूफ पाठवणं चालूच राहतं. दोन-तीन तासांच्या कटाला पुरतो, त्याच्या पुढं मी भरवसा धरत नाही. फायबरची पेटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हीला करंट देणारा बघा, नुसता राउटर चालू राहून नेट येत नाही.

ह्याच मित्रानं शिकवलेली अजून एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. चार्जर, पॉवर बँक, वायरलेस कीबोर्ड घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर- नं सुरू होणारा नंबर बघायचा आणि तिथल्या तिथं बीआयएस केअर अॅपमध्ये टाकायचा. गावातल्याच दुसऱ्या एका दुकानात मला "ओरिजिनल" म्हणून लॅपटॉपचा चार्जर दाखवला, नंबर टाकला तर कंपनी भलतीच, वस्तूसुद्धा भलतीच. ठेवून आलो. तसंच नेटवर २ टीबीचे पेनड्राईव्ह पाचशे रुपयात दिसतात, ते घेऊच नका, आत चिप बारकी असते आणि फक्त आकडा मोठा दाखवतात, जास्तीचं भरलेलं सगळं गायब. संशय असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राईव्ह भरून परत वाचून बघतं.

मार्क द्यायचे तर एसएसडीला पाचात साडेचार, रॅम ठीक पण महाग, मिनी यूपीएसला पाच, आणि खडेबाजारच्या त्या दुकानाला पण पाच, कारण डोळ्यासमोर खोललं, जे बसत नाही ते विकलं नाही आणि जीएसटीचं बिल न मागता दिलं.

आता मॉनिटर घ्यायचाय, २४ इंची आयपीएस. स्क्रीनवर दिसतो तोच केशरी आणि मरून रंग छापून यायला पायजे, सध्याच्या स्क्रीनवर मरून काळपट दिसतो. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं कुणी छपाईचं काम करत असेल आणि रंग खरे दाखवणारा मॉनिटर वापरत असेल तर मॉडेल नंबरासकट सांगा, आणि तुम्ही नेमकं काय छापता तेपण लिहा.