दर तीन महिन्यांनी गोळी की आधी शी तपासायची?

दोन्ही करून बघितलंय म्हणून लिहितोय. आमची कुत्री चिंगी आता सहा वर्षांची आहे, पहिली चार वर्षं मी दर तीन महिन्यांनी न चुकता जंताची गोळी देत होतो आणि गेली दोन वर्षं आधी शीचं सॅम्पल तपासायला देतो, रिपोर्टमध्ये काही निघालं तरच औषध.

घरात पिल्लू असेल तर हा प्रश्नच नाही, तिथे सरळ औषध. राउंडवर्म आणि हुकवर्म हे आतड्यातले जंत, राउंडवर्म आईच्या पोटातूनच येतात, हुकवर्म दुधातून, त्यामुळे दोन आठवड्यांचं झालं की डोस सुरू, आधी दर पंधरा दिवसांनी मग महिन्याला. हुकवर्म रक्त पितात, रिपोर्टची वाट बघेपर्यंत पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. तर पुढचं सगळं मोठ्या कुत्र्यांबद्दल.

गोळीचं काय, सोपं काम. वजन करा, तेवढी द्या, विसरून जा. प्राझिक्वान्टेल, पायरॅन्टेल आणि फेबँटेल ही तीन औषधं एकत्र असलेली गोळी असेल तर टेपवर्मपासून (फितीसारखा चपटा जंत) व्हिपवर्मपर्यंत (चाबकासारखा बारीक जंत) नेहमीचे सगळे जंत त्यात येतात (नुसतं पायरॅन्टेलचं सिरप देत असाल तर टेपवर्मला त्याने काहीही होत नाही, हे मलाही खूप उशिरा कळलं).

पण गोळी पोटात गेली तर ना! चिंगी खाऊत लपवलेली गोळी घ्यायची, तोंड हलवायची, शेपटीही हलवायची, आणि मी खूश. मग एकदा ती बारीक दिसायला लागली, शी काळपट, फिरायला नेलं तर मधेच बसायची. व्हेटनी विचारलं जंताचं औषध वेळेवर देता ना, मी म्हटलं एकदम वेळेवर, चार वर्षांत एक डोस चुकला नाही. त्यांनी तरी सॅम्पल मागितलं, त्यात हुकवर्मची अंडी. त्याच आठवड्यात साफसफाईला सोफा सरकवला तर मागे तीन गोळ्या, दोन अख्ख्या आणि एक चाटून अर्धी केलेली. म्हणजे माझ्याकडे तारखा होत्या, औषध सोफ्याकडे होतं. तिथेच माझं ठरलं.

आता तपासणीतही कटकट आहे, नाही असं नाही. सॅम्पल ताजं लागतं, फार वेळ तसंच राहिलं तर हुकवर्मची अंडी फुटून अळ्या होतात आणि मग ओळखायला अवघड. निगेटिव्ह आलं म्हणजे पोट साफ असंही नाही, कारण जंत मोठे होऊन अंडी घालेपर्यंत काही दिसत नाही, हुकवर्मला दोन-तीन आठवडे लागतात, व्हिपवर्मला जवळपास तीन महिने. आणि टेपवर्म तर बऱ्याचदा निसटतोच, त्याची अंडी सुटी न येता जंताच्या तुटलेल्या तुकड्यातच बाहेर पडतात, तिथे लॅबपेक्षा आपले डोळे बरे. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं, वाळलं की तिळासारखं, की समजायचं. तो पिसवा गिळल्यामुळे होतो, त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त केला नाही तर औषध देऊनही परत येतो.

एवढं सगळं असूनही मला तपासणीच बरी वाटते, कारण औषध लागू पडलं की नाही हे त्यातच कळतं. चिंगीला डोस दिला, मग तीन आठवड्यांनी परत एक, कारण आतड्याबाहेर दडलेल्या अळ्यांवर औषध पोचत नाही आणि त्या नंतर आतड्यात येतात, आणि मग पुन्हा सॅम्पल, तेव्हा कुठे क्लीन रिपोर्ट आला. नुसत्या गोळीवर असतो तर हे कळलंच नसतं.

अर्थात घरात रांगणारं मूल असेल किंवा कुत्रा बाहेर मिळेल ते तोंडात घालणारा असेल, उंदीर वगैरे धरणारा, तर ठरलेली गोळी चालू ठेवा, मी अडवणार नाही, फक्त वर्षातून एक-दोनदा तपासून पण घ्या. आपल्या व्हेटशी बोलून ठरवा.

आणि गोळी द्यायचीच असेल तर जिभेच्या पार मागे ठेवायची, तोंड मिटून धरायचं, गळा चोळायचा, नाक चाटलं म्हणजे गिळली. मी तरीही नंतर दहा मिनिटं तिच्या मागे मागे फिरतो आणि सोफ्यामागे टॉर्च मारतो.