अरीना की मॅजिक ऑनलाइन? पत्त्यांच्या भावाच्या अंगाने पाहिलं तर

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचे नियम तुम्हाला येतात, स्टँडर्ड आणि मॉडर्नमधला (कोणते पत्ते चालतात ते ठरवणाऱ्या खेळप्रकारांतला) फरक कळतो आणि थोडेफार ड्राफ्टही (पॅक फोडून एकेक पत्ता निवडत डेक बांधायचा प्रकार) खेळून झालेत, असं धरून चालतो. आता प्रश्न एवढाच की पैसे आणि वेळ त्याच्या दोन डिजिटल रूपांपैकी अरीनात घालायचा की मॅजिक ऑनलाइनमध्ये. नियम दोन्हीकडे तेच, नव्या संचांतले पत्ते बहुतांशी तेच. पण हातात आलेल्या पत्त्याचं पुढे काय करता येतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मते निवड तिथेच होते.

दिसण्या-वागण्याबद्दल फार बोलायला नको. अरीना चकचकीत आहे, फोनवर चालतं आणि बऱ्याच गोष्टी आपोआप करून टाकतं. मॅजिक ऑनलाइन २००२ पासून चालू आहे आणि तसं दिसतंही. ते फक्त विंडोजवर चालतं. प्रत्येक प्राधान्याच्या थांब्यावर, म्हणजे काही करायची संधी आली की, क्लिक मागतं आणि बुद्धिबळासारखं घड्याळ लावतं. कन्स्ट्रक्टेडच्या (आधी बांधून आणलेल्या डेकच्या) सामन्याला प्रत्येकी २५ मिनिटं मिळतात, ती संपली की पटावर कितीही वरचढ असलात तरी सामना गेला. व्हिंटेज, लेगसी, पॉपर किंवा खरं मॉडर्न खेळायचं असेल तर निवडीला वावच नाही, मॅजिक ऑनलाइनच घ्यावं लागतं. हा लेख स्टँडर्ड, पायोनियर आणि ड्राफ्ट खेळणाऱ्यांसाठी, कारण खरी ओढाताण त्यांचीच होते.

अरीनात पत्त्यांची देवाणघेवाण नाही. हवा तो पत्ता मिळवायचा तर त्याच दर्जाचं (कॉमन, अनकॉमन, रेअर किंवा सगळ्यात दुर्मीळ मिथिक) वाइल्डकार्ड, म्हणजे हव्या त्या पत्त्यात बदलता येणारं कार्ड, खर्च करायचं. दर सहा पॅकला एक पक्कं वाइल्डकार्ड मिळतं: चार वेळा रेअर, पाचव्या वेळी मिथिक. म्हणजे ३० पॅकमागे चार रेअर आणि एक मिथिक. याशिवाय पॅकमधून अधूनमधून निघतात ती वेगळी. पॅकला २०० जेम्स (पैशाने घ्यायचं चलन) किंवा १००० गोल्ड (खेळून मिळणारं चलन) लागतं. २०,००० जेम्स ९९.९९ डॉलरला येतात, म्हणजे मोठ्या खरेदीत पॅक साधारण एका डॉलरला पडतो. थेट वाइल्डकार्डच विकत घ्यायची तर चार रेअर ९.९९ डॉलरला आणि चार मिथिक १९.९९ ला. हे दोन दर लक्षात ठेवा, अरीनातला सगळा हिशोब त्यांवरच उभा आहे. २४ रेअर आणि ८ मिथिक लागणारा डेक थेट विकत घेतला तर जवळपास १०० डॉलर होतात. तोच रोजच्या कामगिऱ्यांच्या ५००-७५० गोल्डवर उभा केला तर पैसे शून्य आणि धीर भरपूर लागतो. हा अरीनाचा खरा मोठेपणा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझं पारडं झुकलं ती सांगतो. वाइल्डकार्ड एकदा खर्च केलं की परतीची वाट नाही. पत्ता मोडता येत नाही, विकता येत नाही, बदलून मिळत नाही. डेक मनाला पटला नाही किंवा पंधरा दिवसांत कोणते डेक जिंकतात ते वातावरण पालटलं, तर त्यातले २४ रेअर संग्रहात नुसते पडून राहतात. त्याहून जास्त खटकतं ते असं, की इथे किंमत दर्जावर ठरते, उपयोगावर नाही. दहा डेकमध्ये चालणारी शॉक लँडही (दोन रंगांची ताकद देणारा जमिनीचा पत्ता) एक रेअर वाइल्डकार्ड खाते आणि एका विनोदी डेकपुरता लागणारा रेअरही तेवढंच. बाजारात या दोन पत्त्यांच्या भावात प्रचंड तफावत असते. त्यामुळे अरीनात प्रयोग महाग पडतो. जे पत्ते कोणी खेळत नाही ते करून पाहायला स्वस्त असायला हवेत, इथे ते सगळ्यात महाग ठरतात, कारण त्यांचा दुसरीकडे उपयोग होत नाही. तीन रंगांचा डेक बांधायला घेतला की पहिली १२ ते १६ वाइल्डकार्डं जमिनींतच जातात. म्हणून नव्या माणसाने आधी जमिनी कराव्यात, चमकदार मिथिकला हात नंतर लावावा. जमिनी पुढच्या डेकला उपयोगी पडतात, मिथिक बहुधा नाही.

हार्थस्टोन या दुसऱ्या डिजिटल पत्त्यांच्या खेळात निदान पत्ता मोडून धूळ (नवे पत्ते बनवायचं चलन) तरी मिळते: १६०० चा लेजंडरी मोडला की ४००, ४०० चा एपिक मोडला की १००. म्हणजे पाव किंमत परत. आतबट्ट्याचाच व्यवहार, पण दार पूर्ण बंद नाही.

मॅजिक ऑनलाइनमध्ये दार सताड उघडं असतं, फक्त दारात बॉट, म्हणजे आपोआप व्यवहार करणारे प्रोग्रॅम, बसलेले असतात. तिथलं चलन म्हणजे इव्हेंट तिकीट, सगळे त्याला टिक्स म्हणतात. दुकानातून एक तिकीट एका डॉलरला. कन्स्ट्रक्टेड लीगला (बक्षिसाच्या सामन्यांच्या मालिकेला) १० तिकिटं किंवा १०० प्ले पॉइंट लागतात. बक्षिसातले प्ले पॉइंट कोणाला देता येत नाहीत, पण ट्रेझर चेस्ट (बक्षिसाच्या पेट्या) विकता येतात. पत्त्यांची खरेदी-विक्री मुख्यतः गोटबॉट्स, कार्डहोर्डर यांसारख्या बॉट-साखळ्यांशी होते. डेक १२० तिकिटांना घेतला आणि भाव हलला नाही, तर विकताना समजा ९५ ते १०० हातात येतील. मधली २०-२५ तिकिटं म्हणजे तो डेक वापरल्याचं भाडं. नेमकं मोजमाप माझ्याकडे नाही, पण माझ्या अनुभवात महागड्या, सतत खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांवर ही तूट कमी बसते आणि किरकोळ पत्त्यांवर जवळजवळ पूर्ण. तिकिटाच्या दोन-तीन शतांशाला मिळणारा पत्ता बॉट बहुधा शून्यालाच परत घेतो.

इथे नवे लोक एका जागी नेमके गळतात. तिकिटाचे तुकडे होत नाहीत. ३.४० तिकिटांचे पत्ते घेतले तर चार तिकिटं द्यायची आणि ०.६० त्या साखळीकडे जमा राहतात. ही जमा त्याच साखळीच्या बॉटांकडे चालते, दुसऱ्यांकडे नाही. पाच ठिकाणी स्वस्त शोधत फिरलात तर पाच ठिकाणी चिल्लर अडकते आणि वाचवलेले पैसे तिथेच जिरतात. एक किंवा फार तर दोन साखळ्या धराव्यात.

दुसरी खबरदारी विकतानाची. बॉटला सगळी ट्रेड लिस्ट उघडी ठेवली तर तो त्याला हवं ते उचलतो, त्यात तुमच्या चालू डेकचे पत्तेही आले. कलेक्शनमध्ये विक्रीसाठी वेगळा बाइंडर करा, नको असलेले पत्तेच त्यात टाका आणि व्यवहाराआधी तोच बाइंडर चालू करा. शेवटच्या खात्रीच्या पडद्यावर तिकिटांचा आकडा, फॉइल (चकाकती प्रत) आहे की नाही आणि संच कोणता, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

संग्रहाची किंमत काढायची तर मॅजिक ऑनलाइनमध्ये काम सरळ आहे. कलेक्शनमध्ये डावीकडच्या फुल ट्रेड लिस्टवर उजवं क्लिक करून एक्स्पोर्ट निवडायचं आणि सीएसव्ही स्वरूपात साठवायचं. फाईलमध्ये नाव, प्रती, आयडी, दर्जा, संच आणि प्रीमियम असे रकाने येतात. भावाची यादी हिला जोडताना नावावरून जोडू नका, आयडीवरून जोडा. एकाच नावाच्या पाच छपाया असू शकतात आणि त्यांचे भाव वेगवेगळे. नावावरून जोडलं की तक्ता भलत्याच छपाईचा भाव उचलू शकतो आणि संग्रहाची किंमत चुकते. प्रीमियमच्या रकान्यात होय असेल तो पत्ता फॉइल, त्याचा भाव वेगळा. आणि मुख्य म्हणजे बॉटचा विक्रीभाव लावू नका, खरेदीभाव लावा. संकेतस्थळांवर ठळकपणे दिसतो तो विक्रीभाव, तो तुम्हाला कोणी देणार नाही. खरेदीभावाने एक बेरीज, विक्रीभावाने दुसरी. दोन्हींतलं अंतर वाढत चाललं असेल तर संग्रहात किरकोळ माल साचतोय असं समजावं.

रोज भाव पाहायची गरज नाही. नवा संच आला की पहिल्या दिवसांत भाव चढे असतात. मग ड्राफ्ट सुरू होतात, पॅक फुटतात आणि बहुतेक पत्ते उतरतात. खेळण्यासाठी घेणाऱ्याने तेवढं थांबावं. पुनर्मुद्रण, ट्रेझर चेस्टच्या यादीतले बदल आणि बंदीच्या घोषणा, भाव हलवतात त्या या तीन गोष्टी. द वन रिंग या पत्त्यावर डिसेंबर २०२४ मध्ये मॉडर्नात बंदी आली, तेव्हा चार प्रती धरून बसलेल्याला मॅजिक ऑनलाइनवर कोणी भरपाई दिली नाही. घोषणेच्या तारखा आधी जाहीर असतात. ज्या पत्त्याबद्दल आरडाओरड चालू आहे तो त्या आठवड्यात विकून टाकावा, वाचला तर थोड्या तोट्याने परत घ्यावा.

या एका बाबतीत अरीना उजवं आहे, तेही स्पष्टपणे. तिथे बंदी आलेल्या पत्त्याच्या जितक्या प्रती असतील तितकी त्या दर्जाची वाइल्डकार्डं साधारणपणे परत मिळतात आणि पत्ताही राहतो. मे २०२३ मध्ये फेबल ऑफ द मिरर-ब्रेकर हा पत्ता बंदीमुळे स्टँडर्डमधून गेला, तेव्हा ज्यांच्याकडे चार होते त्यांचं काहीच गेलं नाही. म्हणून बंदीचा संशय असलेला पत्ता घोषणेआधी करून ठेवणं अरीनात शहाणपणाचं ठरतं. बंदी आली तर तो फुकटात पडला, पण न आल्यास वाइल्डकार्ड अडकलं, एवढं ध्यानात असू द्या. अल्केमी या अरीनातल्या खेळप्रकारात नुसती ताकद कमी केलेल्या पत्त्याला मात्र ही सवलत धरून चालू नये.

अरीनात भावाचा मागोवा घ्यायचा म्हणजे खरं तर साठ्याचा मागोवा. सेटिंगमध्ये अकाउंटखाली तपशीलवार लॉगचा पर्याय चालू करा, म्हणजे अनटॅप्ड किंवा सेव्हन्टीन लँड्ससारखी साधनं सामने आणि ड्राफ्टची नोंद ठेवू शकतात. बाकी वहीत चार आकडे पुरतात: हातातली रेअर वाइल्डकार्डं, मिथिक वाइल्डकार्डं, सहाच्या चक्रात कितव्या पॅकवर आहात, आणि व्हॉल्ट (जादा प्रतींनी भरणारी तिजोरी). कॉमनची पाचवी प्रत व्हॉल्टमध्ये ०.१ टक्का भरते, अनकॉमनची ०.३ टक्के. पूर्ण भरल्यावर एक मिथिक, दोन रेअर आणि तीन अनकॉमन वाइल्डकार्डं मिळतात. संग्रहाला डॉलरची किंमत लावून उपयोग नाही, कारण ती कोणी देणारच नाही. संकेतस्थळावरचे कागदी पत्त्यांचे डॉलर अरीनाच्या संग्रहाला लावणारे लोक दिसतात, ती निव्वळ मनाची समजूत आहे.

ड्राफ्ट खेळणाऱ्याने अरीनात एक क्रम पाळावा: आधी ड्राफ्ट, पॅक नंतर. पॅकमध्ये तुमच्याकडे चार प्रती असलेला रेअर पुन्हा येत नाही, संचातला दुसरा मिळतो. ड्राफ्टमध्ये असं संरक्षण नाही, पाचव्या रेअरला २० जेम्स आणि पाचव्या मिथिकला ४० एवढ्यावर बोळवण होते. बक्षिसाचे पॅक न फोडता साठवायचे आणि ड्राफ्ट संपले की एकदम फोडायचे. घाईने आधी पॅक फोडले की तेच रेअर ड्राफ्टमध्ये दुसऱ्यांदा निवडावे लागतात.

मॅजिक ऑनलाइनची बाजू घेताना एक भीती मनात असते, ती लपवत नाही. बाजार आहे म्हणजे किंमत टिकेल असं नव्हे. वॉल्व्ह कंपनीचा आर्टिफॅक्ट हा पत्त्यांचा खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. त्यात पत्ते स्टीमच्या बाजारात विकता येत होते. खेळणारे पांगले, भाव कोसळले आणि २०२१ मध्ये कंपनीने काम थांबवून खेळ मोफत करून टाकला. मॅजिक ऑनलाइन इतकी वर्षं तगलं आहे, २०२२ पासून डेब्रेक गेम्स ते चालवते, पण कंपनी तुमची तिकिटं रोखीत परत घेत नाही, हे पक्कं लक्षात ठेवावं. जे अडकलं तर झोप उडेल ते त्यात घालू नये.

तरीही स्टँडर्ड-पायोनियर खेळणाऱ्याने, महिन्याकाठी थोडे पैसे घालायची तयारी असेल आणि समोर विंडोजचा संगणक असेल, तर मॅजिक ऑनलाइन आधी आजमावावं असं मला वाटतं. एक स्वस्त डेक घ्या, दोन-तीन लीग खेळा, मग तो डेक जिथून घेतला त्याच साखळीला विका आणि किती तिकिटं परत आली ते पाहा. सगळे डेक करून पाहायची हौस असेल तर बॉट-साखळ्यांकडे पत्ते भाड्यानेही मिळतात. तिकिटांच्या किमतीत मर्यादा ठरलेली असते, तेवढ्यापर्यंत हवा तो डेक घ्या आणि परत करा. फोनवरच खेळायचं असेल किंवा पैसे अजिबात घालायचे नसतील, तर अरीना घ्या, पण पहिली १० रेअर वाइल्डकार्डं महिनाभर हातची राखून ठेवा.