रबरी प्रायमर आणि पारदर्शक नळी: पंप उतरवण्याआधी घ्यावं असं सामान

होळीनंतर शेडखाली लावलेली पिकअप दसऱ्याच्या तोंडावर कापसासाठी बाहेर काढायची, सेल्फ मारला की चालू होते, मिनिटभर बरी चालते आणि आचके देत बंद पडते. खानदेशात हे दरवर्षी घडतं आणि दरवर्षी इंजिनाला दाबाने डिझेल देणारे कितीतरी चांगले पंप विनाकारण उतरवले जातात. गाडी मिनिटभर नीट चालली, धूर साधा होता, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब), नोझल (डिझेल फवारणारं तोंड) आणि टायमिंग (फवाऱ्याची वेळ) ठीक आहे. फिल्टरमध्ये आणि पंपात उरलेलं डिझेल संपलं, मागून नवं आलं नाही, एवढंच झालेलं असतं. का आलं नाही ते दाखवणारं सामान स्पेअरच्या दुकानात दोन-चारशे रुपयांत मिळतं: अंड्याच्या आकाराचा काळा रबरी हातपंप आणि सोबत पारदर्शक नळी. दुकानदाराकडे प्रायमर बल्ब म्हणून मागायचा.

साइज 8 आणि 10 मिमी सर्रास मिळतात. अंदाजाने घेऊ नका, गाडीच्या पाइपचं बाहेरचं माप घेऊन जा. बल्बवर बाण असतो, तो इंजिनाकडे हवा. आत दोन्ही टोकांना एकतर्फी व्हॉल्व्ह असतात, उलटा बसवला तर डिझेलचा थेंब पुढे जात नाही. बल्ब टाकी आणि फिल्टरच्या मध्ये, शक्यतो उभा, बाण वर करून. पारदर्शक नळीचा फूटभर तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मध्ये. पाइपवर नळी किमान 25 मिमी आत जायला हवी. जुन्या ट्रॅक्टर-ट्रकांत पंपाला चिकटून फीड पंप असतो आणि तो टाकीतून ओढून फिल्टरकडे ढकलतो. त्याला हाताने दाबायची दांडी असतेच, तिथे बल्बवर पैसे घालू नका. पारदर्शक नळी मात्र टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये घाला. फीड पंपाच्या पुढे फट असेल तर डिझेल बाहेर येऊन ओलं दिसतं, मागे, टाकीच्या बाजूला असेल तर फक्त हवा आत जाते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. बहुतेक जण फसतात ते या कोरडेपणामुळे.

एअर, म्हणजे लाइनमधली हवा काढताना फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) दीड आटा सोडा, खाली भांडं धरा, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत बल्ब दाबा आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू. बल्ब हाताला कडक लागला की सेल्फ मारा, एका वेळी 10-15 सेकंद, मध्ये मिनिटभर विश्रांती. गाडी चालू झाली की रेस देऊ नका. दहा मिनिटं आयडलवर ठेवून बल्ब आणि नळी बघत राहा.

बल्ब चपटा होत गेला तर त्याच्या मागे अडथळा आहे. लगेच टाकीचं झाकण उघडा. सुस्स आवाज आला आणि बल्ब पुन्हा फुगला तर टाकीचा श्वास, म्हणजे हवा आत यायची व्हेंट नळी, कोंडलेला आहे. शेडमध्ये उभ्या गाडीच्या व्हेंट नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. माती बाहेरच्या टोकाला बोटभर आत असते, सायकलच्या स्पोकने निघते, पण नळी काढूनच कोरा, नाहीतर माती आत ढकलली जाते. झाकण उघडूनही बल्ब चपटाच राहिला तर टाकीतल्या पाइपची जाळी तुंबलेली आहे. पाइप बल्बच्या मागे सोडा, टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि पायपंपाने हळू हवा मागे सोडा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब देऊ नका, जाळी सुटून टाकीत पडते. हवेने मोकळी झालेली जाळी घाण टाकीतच असेल तर थोड्याच अंतरावर परत तुंबते, त्यामुळे टाकी उतरवून धुवावीच लागते.

बल्ब भरलेला पण नळीत बुडबुड्यांची माळ सलग चालू, तर गाडीने हवा धरली आहे. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे सोडून द्या. आता पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, नवं डिझेल भरा आणि बल्बची मागची नळी सरळ कॅनमध्ये सोडा. माळ थांबली तर दोष टाकी ते बल्ब या टप्प्यात आहे: लोखंडी पाइप चेसिसच्या क्लिपखाली घासून गंजलेला किंवा रबराचं टोक उन्हाने कडक होऊन फाटलेलं. क्लिपखालचा गंज वरून दिसत नाही, क्लिप काढूनच बघा. माळ चालूच राहिली तर फिल्टरची रिंग किंवा बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर. जुने वॉशर परत लावायचेच असतील तर लाल तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. मे महिन्यातला 45 अंशांचा उन्हाळा आणि त्यावर दमट पावसाळा, या दोन्हींत उभी राहिलेली रबरं आधी बदलून टाकणं केव्हाही स्वस्त.

बल्ब कडक, नळी स्वच्छ, तरी गाडी बंद पडते? फिल्टर बदला. मग स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची केबल बघा, ती गंजून अर्ध्यावर अडकते आणि पंप डिझेल कापतो. केबलऐवजी विजेचा स्टॉप सोलेनॉइड (विजेवर डिझेल उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) असेल तर चावी फिरवल्यावर टक असा आवाज यायला हवा. एवढं झाल्यावरच पंप-नोझलवाल्याकडे जा.

आता या सामानाचे दोष. सर्वात मोठा म्हणजे बल्बचा व्हॉल्व्ह रात्री डिझेल टाकीत परत उतरू देत नाही, त्यामुळे सकाळी गाडी झटकन चालू होते आणि मालकाला वाटतं काम झालं. फट तशीच राहते. शिवाय बल्बमुळे लाइनमध्ये दोन जोड वाढतात. म्हणून निदान झालं की काढून ठेवा. स्वस्तातल्या बल्बचं रबर डिझेलसाठी नसतं, ते फुगतं आणि आतून काळा भुगा सोडतं. नाइट्राइल रबराचाच मागा. सोबतची साधी पीव्हीसी नळी डिझेलने कडक आणि पिवळी पडते, ती कायमची ठेवू नका. पॉलियुरेथेनची मिळाली तर घ्या. सेटमधल्या पत्र्याच्या क्लिपा सरळ फेकून द्या, त्या नळीला गोल आवळतच नाहीत.

कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं ती) हे फक्त टाकी ते फिल्टर एवढ्यापुरतं, तेही टाकीत विजेचा पंप नसेल तरच. बऱ्याच गाड्यांत फिल्टरवर प्रायमर आधीच असतो, तोच वापरा. इंजेक्टरच्या पाइपचे नट सोडून हवा काढायची जुनी सवय इथे अजिबात नको. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत शिरते.

आणि बल्ब दाबायच्या आधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाव लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढा, अर्धा तास ठेवा. खाली पाण्याचा थर आणि मधे काळपट शेवाळासारखा पदार्थ दिसला तर टाकीत जंतू वाढलेत. अशा टाकीत नवं डिझेल मिसळून भागत नाही, सगळं काढावं लागतं. अर्धी रिकामी टाकी हिवाळ्यातल्या थंड रात्री आणि तापत्या दुपारी दवाचं पाणी धरते, म्हणून गाडी लावताना टाकी भरून लावा. डिझेल काढायचं काम सकाळी सावलीत करा: मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटते) किमान 35 अंश आहे आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतच त्याहून जास्त असतं. विडी-सिगारेट लांब, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली.