सुरासाठी घ्या, तालासाठी नको: नंचक, टीन्सी ४.० आणि ऑडिओ शील्ड

निनटेंडोने २००६ साली वी हा कन्सोल आणला, तेव्हा त्याच्या रिमोटला वायरने जोडायचा एक छोटा जोडीदार सोबत दिला. त्याचं नाव नंचक. वर अंगठ्यासाठी स्टिक, पुढच्या अंगाला तर्जनीसाठी सी आणि झेड ही दोन बटणं आणि पोटात कल व हालचाल मोजणारा तीन अक्षांचा अ‍ॅक्सिलरोमीटर. कन्सोलचा जमाना सरला तरी घरी इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणाऱ्यांच्या टेबलावर नंचक अजून असतो. इथे त्याचं परीक्षण खेळणं म्हणून केलेलं नाही. टीन्सी ४.० हा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) आणि त्यावर बसणारं ऑडिओ शील्ड (आवाज बाहेर काढणारा छोटा बोर्ड) जोडून एका हातात मावणारं वाद्य होतं का, एवढंच पाहिलं आहे. होतं, आणि गायकी अंगाचं होतं. ताल वाजवायला मात्र ते घेऊ नये. त्याची कारणं पुढे येतीलच.

आधी स्टिक. तिच्या भोवतीची प्लास्टिकची कड नीट पाहा, ती अष्टकोनी आहे. स्टिक कडेला टेकवून फिरवली की दर ४५ अंशांवर ती एका कोपऱ्यात बसते आणि बसल्याचं अंगठ्याला स्पष्ट कळतं. न बघता सूर सापडला पाहिजे, ही वाद्याची पहिली अट. ती नंचक पूर्ण करतो, आणि बाकीच्या उणिवा त्यामुळेच सोसता येतात. साध्या पोटेन्शिओमीटरवर किंवा गोल कडेच्या सुट्या जॉयस्टिकवर ही खात्री मिळत नाही.

आठ कोपरे दिसले की सा ते तार सा असे आठ सूर मांडायचा मोह होतो. तो टाळा. तसं केलं की सा आणि तार सा शेजारी येतात, आणि अंगठा जरा घसरला की पूर्ण सप्तकाची उडी पडते. त्यापेक्षा खालच्या कोपऱ्यात सा ठेवा. तिथून घड्याळाच्या दिशेने खाली-डावीकडे रे, डावीकडे ग, वर-डावीकडे म, वर प, वर-उजवीकडे ध, उजवीकडे नि. खाली-उजवीकडचा आठवा कोपरा रिकामा सोडा. झेड दाबलेलं असेपर्यंत सूर वाजावा आणि सी दाबलं की तोच सूर वरच्या सप्तकात जावा. सी धरून सा घेतला की तार सा मिळतोच.

या मांडणीत एक गंमत आपोआप येते. स्टिक मधून नेली तर सा वरून थेट प वर उडी, कडेने फिरवली तर मधले सगळे सूर क्रमाने. म्हणजे तान आणि उडी यांतला फरक अंगठ्याच्या वाटेवर ठरतो. त्यासाठी दोन गोष्टी कोडमध्ये हव्यात. स्टिकचा मध्य साधारण १२८ या आकड्यावर असतो आणि अस्सल नंचकवर कड त्यापासून ९० ते १०० अंकांवर येते. मध्यापासूनचं अंतर ६० च्या आत असेल तर आधीचा सूर तसाच धरून ठेवायचा. दुसरं म्हणजे, प्रत्येक सुराच्या वाट्याला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंश येतात, पण सूर बदलायचा तो कोन २७ अंशांपुढे गेल्यावरच. ही थोडी ढील दिली नाही, तर दोन सुरांच्या सीमेवर अंगठा टेकला की आवाज तडतड दोन्हीकडे नाचतो.

सुरांच्या वारंवारता कोडमध्ये आपणच लिहितो, त्यामुळे पियानोच्या पट्टीला बांधून घ्यायची गरज नाही. सा २६१.६३ हर्ट्झ धरला तर पुढचे सूर ९/८, ५/४, ४/३, ३/२, ५/३ आणि १५/८ या गुणोत्तरांनी काढा. शुद्ध गंधार ३२७.०३ हर्ट्झवर येतो, समान अंतराच्या पट्टीत तो ३२९.६३ वर असतो. सुमारे १४ सेंटचा (सेंट म्हणजे पियानोच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचा शंभरावा भाग) हा फरक तंबोऱ्यासोबत लगेच ऐकू येतो.

आता जोडणी. नंचक आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या पद्धतीने बोलतो आणि त्याचा पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) ५२ आहे. वीजपुरवठा ३.३ व्होल्ट. ५ व्होल्टच्या बोर्डांवर तो थेट जोडून चालवल्याची उदाहरणं भरपूर सापडतील, पण ते त्याच्या मर्यादेबाहेरचं आहे. शिवाय टीन्सी ४.० च्या पिनांना ५ व्होल्ट मुळीच सोसत नाहीत. केबल कापायची असेल तर अस्सल नंचकमध्ये पांढरी तार ग्राउंड, लाल ३.३ व्होल्ट, हिरवी डेटा आणि पिवळी क्लॉक. नकली नंचकमध्ये हे रंग कसेही असू शकतात, म्हणून कापण्याआधी मल्टिमीटरने प्लगपर्यंत कंटिन्युइटी तपासा. प्लगमध्ये जंपर वायरी कोंबू नका, आतल्या पात्या वाकतात आणि मग वाजवताना हात हलला की संपर्क तुटतो. प्लगमध्ये बसणारी छोटी अडॅप्टर पट्टी मिळते, ती वापरणं सर्वांत चांगलं.

ऑडिओ शील्डवरची एसजीटीएल५००० चिपही आय-स्क्वेअर-सीवरच असते, १८ आणि १९ या पिनांवर. पत्ते वेगळे असल्यामुळे नंचक त्याच तारांवर चालतो खरा. तरीही त्याला वेगळी वाट द्या, पिन १७ वर डेटा आणि पिन १६ वर क्लॉक. दोन्ही तारांना ३.३ व्होल्टकडे २.२ किलोओहमचा एकेक पुल-अप रेझिस्टर (एरवी तार वरच्या व्होल्टला धरून ठेवणारा) लावा. कारण साधं आहे. नंचकची केबल लांब असते आणि ती वाजवताना निसटू शकते. सामाईक तारांवर ती निसटताना एक तार खाली अडकली, तर ऑडिओ चिपशी बोलणंही बंद पडतं. वेग १०० किलोहर्ट्झच ठेवा. केबल वाढवली की तारांची धारकता वाढते आणि ४०० किलोहर्ट्झवर चुका आधी दिसू लागतात.

नंचक सुरू करायच्या दोन पद्धती फिरत असतात. जुन्या कोडमध्ये हेक्स ४० आणि ०० हे दोन बाइट पाठवतात. त्यामुळे माहिती सांकेतिक रूपात येते आणि प्रत्येक बाइट उलगडून घ्यावा लागतो. नकली नंचकवर यातून बहुधा निरर्थक आकडे मिळतात. त्याऐवजी आधी हेक्स एफ० आणि ५५ पाठवा, १० मिलिसेकंद थांबा, मग एफबी आणि ०० पाठवा. ही पद्धत दोन्ही प्रकारांवर चालते. त्यानंतर दर वेळी ०० पाठवायचं, किमान ३०० मायक्रोसेकंद द्यायचे आणि ६ बाइट वाचायचे. पहिले दोन स्टिकचे, पुढचे तीन अ‍ॅक्सिलरोमीटरच्या तीन अक्षांचे वरचे ८ बिट. सहाव्या बाइटमध्ये बाकी सगळं: सर्वांत खालचा बिट झेडचा, त्यावरचा सीचा आणि पुढे प्रत्येक अक्षाचे उरलेले दोन-दोन बिट. बटण दाबलं की बिट शून्य होतो, हे उलटं आहे आणि इथे हमखास चूक होते. सहाही बाइट एफएफ आले तर नंचक निसटला असं समजून सूर हळूच मिटवा आणि सुरुवातीची आज्ञा पुन्हा पाठवा.

ते उरलेले दोन बिट आळस करून सोडून देऊ नका. एक जी इतक्या गुरुत्वाला १० बिटमध्ये साधारण २०० अंक मिळतात, ८ बिटमध्ये फक्त ५०. हात ४५ अंश कलवला की २०० सेंटची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं), असं ठरवलं तर ८ बिटवर एक पायरी जवळपास ५ सेंटची होते, १० बिटवर सव्वा सेंटची. पहिलीत मींड जिना चढल्यासारखी ऐकू येते.

मींड हीच या वाद्याची खरी कमाई. डावी-उजवीकडचा कल सुराला, पुढे-मागेचा कल आवाजाचा पोत बदलणाऱ्या फिल्टरला द्या. मधले १० अंश निष्क्रिय ठेवा, म्हणजे हात सहज धरला तर सूर जागेवर राहील. कल मोजायला आडव्या आणि उभ्या अक्षांच्या आकड्यांवरून आर्कटॅन काढतात. नंचक अगदी उभा धरला की हे दोन्ही आकडे शून्याजवळ येतात आणि कोन वेड्यासारखा उड्या मारतो. म्हणून पुढचा कल ६० अंशांपलीकडे गेला की मींडेचा आकडा गोठवा. सूर सरकवताना हिशोब हर्ट्झमध्ये न करता सेंटमध्ये करा आणि शेवटी वारंवारतेत बदला. हर्ट्झमध्ये सरळ रेषेने सरकवलेली मींड खाली जाताना शेवटी घसरल्यासारखी वाटते.

टीन्सीबद्दल तक्रारीला जागा कमीच आहे. ६०० मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम७ प्रोसेसर एवढ्या कामाला हसत पुरतो. ऑडिओ लायब्ररी ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचे गठ्ठे करून चालते, म्हणजे एक गठ्ठा २.९ मिलिसेकंदांचा. बँडलिमिट केलेली (वरचे स्वरांश छाटलेली) सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखी लहर घ्या, ती स्टेट व्हेरिएबल फिल्टरमधून न्या. साधी सॉटूथ वरच्या सप्तकात खरखरीत होते, कारण वरचे स्वरांश दुमडून खाली येतात. आवाजाची पातळी थेट बदलू नका. सेकंदाला २०० वेळा पायऱ्यांनी बदललेली पातळी चरचर ऐकू येते. लायब्ररीतला डीसी घटक आकडा दिलेल्या मिलिसेकंदांत सावकाश बदलतो. त्याचं आउटपुट मल्टिप्लाय घटकात लहरीने गुणा आणि त्याला ८ ते १० मिलिसेकंद द्या, चरचर जाते. मुख्य लूपमध्ये डिले ही आज्ञा ठेवू नका, वाचनाची वेळ मिलिसेकंदांच्या मोजणीवर ठरवा.

शील्ड निवडताना सावध राहा. टीन्सी ४ साठी रिव्हिजन डी लागते. बी आणि सी या जुन्या आवृत्त्या टीन्सी ३ च्या पिनांसाठी आहेत. त्या दिसायला तशाच असतात, बसतातही, पण आवाज येत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शील्डवरच्या हेडफोन जॅकचं ग्राउंड हे खरं ग्राउंड नसतं, चिपने तयार केलेलं आभासी ग्राउंड असतं. ते अँप्लिफायरच्या किंवा धातूच्या डब्याच्या ग्राउंडला लागता कामा नये. म्हणजे धातूच्या डब्यावर हेडफोन जॅक बसवायचा तर तो प्लास्टिकच्या कडीने अलग करावाच लागेल. अँप्लिफायरकडे जाताना कायम लाइन-आउटचे वेगळे पॅड वापरा. लाइन-आउटची पातळी २९ या मूळ आकड्यावर १.२९ व्होल्ट पीक-टू-पीक असते आणि १३ पर्यंत खाली आणली तर ३.१६ व्होल्ट होते. आकडा कमी तर आवाज मोठा, हे लक्षात ठेवा. हेडफोनची पातळी ०.८ च्या वर नेली तर पूर्ण ताकदीचा सिग्नल फाटतो.

संगणकाच्या यूएसबीवर वीज आणि त्याच घरच्या लाइनवर अँप्लिफायर असला की बारीक किणकिण ऐकू येते. ती ग्राउंड लूपची. पॉवर बँक लावली की जाते. टीन्सी १०० मिलिअँपियरच्या आसपासच खाते, त्यामुळे काही पॉवर बँका जोडलेलं काही नाही असं समजून स्वतः बंद होतात. मैफलीआधी तासभर चालवून पाहा.

आता ताल. झटका ओळखून ठोका वाजवणं कागदावर सोपं वाटतं. पण कलातला थरथराट काढायला आकडे मऊ करावे लागतात. दर ५ मिलिसेकंदांनी वाचन आणि प्रत्येक वेळी फरकाच्या १५ टक्के पुढे, या बेताने सुमारे ३० मिलिसेकंदांचा उशीर येतो. मींडेत तो गोड लागतो, ठोक्यात चुकीचा. झटक्यासाठी आकडे मऊ न करता वापरले तरी अ‍ॅक्सिलरोमीटरला कल आणि हालचाल वेगळी कळत नाही. जोरदार झटक्याला आकडा वरच्या टोकाला जाऊन अडकतो, म्हणजे मध्यम आणि जोराचा ठोका सारखाच. फिरणं मोजणारा जायरोस्कोप नसल्यामुळे हात आडवा फिरवलेला तर कळतच नाही. ठोक्यांसाठी पिएझो चकत्याच (ठोका पडला की विजेचा सिग्नल देणाऱ्या) घ्या.

नकली नंचक घ्यावा का? शिकायला हरकत नाही. अस्सल नंचकमध्ये हेक्स २० पासून १६ बाइटमध्ये कारखान्यात मोजलेले शून्य-जी, एक-जी आणि स्टिकच्या टोकांचे आकडे असतात. नकलीत त्यांवर विसंबू नका. सुरू होताना स्टिक न हलवता मध्य मोजा, मग एकदा कडेने फिरवून टोकं मोजा. नकलीच्या कडेचे कोपरेही अनेकदा बोथट असतात, आणि मग वर सांगितलेली खात्रीच जाते.

एक जोड देऊन ठेवतो. वीसाठी निघालेली गिटार हीरोची गिटारही याच प्लगने, याच ५२ पत्त्यावर बोलते. हेक्स एफएपासून ६ बाइट वाचले की ओळख पटते: शेवटचे दोन ०० ०० असतील तर नंचक, ०१ ०३ असतील तर गिटार. गिटारमध्ये पाच फ्रेट बटणं, वर-खाली होणारा स्ट्रम आणि ३२ पायऱ्यांचा व्हॅमी बार (सूर वाकवायचा दांडा) आहे. स्ट्रम हा साधा स्विच असल्यामुळे आकडे मऊ करण्याचा उशीर त्याला लागत नाही. कोडमध्ये ही तपासणी सुरुवातीलाच घातली, तर एका हातात मींड आणि प्लग बदलला की ठोका, दोन्ही एकाच डब्यातून निघतात.