"पाण्याची सरकारी तपासणी" म्हणून घरात येणाऱ्यांपासून सावध राहा

आमचा अकोट-दर्यापूरचा सगळा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे पाणी खराब आहे म्हटलं की माणूस आधीच घाबरलेला असतो आणि हे लोक नेमकं तेच धरून फिरतायत. माझ्या मावशीकडे दोघं आले, गळ्यात ओळखपत्र, नगरपालिकेकडून तपासणी चालूय म्हणाले. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं, दोन्हीत सळयांचं मशीन बुडवून प्लग लावला. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी-काळं, वर गाळ तरंगतोय, बाटलीतलं तसंच स्वच्छ. मग सुरू, काकू हे तुमच्या किडनीत जातं, नातवंडांना हेच पाजता का वगैरे. १४,५०० रुपये कॅश घेऊन आरओ बसवून गेले, पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही, आता फोन बंद.

तो गाळ पाण्यातला नसतोच!! सळया लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या असतात, करंट दिला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट वाहतो, आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात म्हणून काही होत नाही. आमच्या ओळखीच्या विज्ञानाच्या सरांनी तसंच मशीन आणून आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखवलं, तेही काळं झालं. घरी कोणी हा प्रयोग करायला लागलं तर त्याच्याच बाटलीत मीठ टाकायला सांगा.

टीडीएस मीटरचंही (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा मीटर) तसंच. मावशीच्या नळाला २६० दाखवलं आणि ५० च्या वर विष म्हणाले. आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, ५०० (मिलीग्रॅम प्रति लिटर) पर्यंत चांगलं धरलंय, दुसरा सोर्सच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आणि हा मीटर जंतू दाखवत नाही, नायट्रेट किंवा फ्लोराईड किती ते पण सांगत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत फ्लोराईडचा त्रास आहे, तिथे मीटरवर आकडा साधा दिसला तरी फ्लोराईड लिटरला १.५ मिलीग्रॅमच्या कमाल मर्यादेच्या वर असू शकतं.

मला खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. मेकॅनिकने मशीन उघडलं तर मेंब्रेनच्या नळीत मेंब्रेनच (क्षार अडवणारी गाळणी) नाही, आणि जंतू मारणारा यूव्ही म्हणून दाखवलेला दिवा म्हणजे साधा निळा एलईडी. आणि मशीन आलं म्हणून मावशीने ऐन पावसाळ्यात पाणी उकळणं बंद केलं होतं, तेही पाईपलाईन गटाराजवळून जाते त्या गल्लीत. घरात लहान पोरं आहेत, काही झालं असतं तर?

पोलिसात अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर पण तक्रार टाकलीय. खरंच शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय लॅबमध्ये नमुना द्या, फी भरून लेखी रिपोर्ट मिळतो. जंतूंसाठीची बाटली वेगळी, निर्जंतुक लागते, ती लॅबमधूनच मागून घ्या, घरची कोल्ड्रिंकची बाटली नको. आणि तपासणीवाला दारात आला तर आत घेण्याआधी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला फोन करा, विशेषतः दुपारी म्हातारी माणसं एकटी असतात त्या घरांना आजच सांगून ठेवा.