डिझेल बंदीची भीती, ‘हायड्रोजन किट’ आणि माझे 67,200 रुपये

‘पुढच्या वर्षी पुण्यातही दिल्लीसारखं होणार, पंधरा वर्षांवरची डिझेल गाडी पंपावर उभीसुद्धा करू देणार नाहीत’ असं सांगत कोणी डिझेल गाडीत बसवायचं हायड्रोजनचं किट घेऊन दारात आला, तर त्याला तिथूनच परत पाठवा. चहा विचारू नका. मी विचारला, वर चिवडाही दिला.

बुकिंगचे 5,000. किटचे 46,500. ‘आरसी एंडोर्समेंट’चे, म्हणजे आरसीवर किटची नोंद करून देण्याचे, 12,000. ‘सरकारी फी’ म्हणून 3,700. एकूण 67,200 रुपये. हे किट काढून इंजिन पुन्हा जागेवर आणायला गॅरेजवाल्याने 6,850 घेतले ते वेगळेच.

मी अडाणी नाही. बँकेत आयुष्य गेलं, लोकांची कर्जाची कागदपत्रं तपासण्यात. त्यामुळे ‘लालूच सुटली असेल’ असं जे आमच्या सोसायटीत कुजबुजत आहेत त्यांना सांगतो, लालूच नव्हती, भीती होती. गाडी नोव्हेंबर 2010 ची, डिझेल, एका हातची, आजही घाटात थकत नाही. विकायला गेलं तर मातीमोल भाव. नवी डिझेल घ्यावी तर 1 एप्रिल 2020 पासून सगळं प्रदूषणाच्या बीएस-6 मानकाचं. त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारं फिल्टर आलं, आणि आमच्यासारख्यांचं रोजचं फिरणं म्हणजे कोथरूड ते डेक्कन. एवढ्या अंतरात ते फिल्टर नीट तापतच नाही, काजळी जळत नाही, मग दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरची वारी सुरू. मारुतीने तर 2020 मध्येच डिझेल गाड्या बनवणं सोडून दिलं. पेट्रोल घ्यावं तर त्यात आता 20 टक्के इथेनॉल. मुलगा इलेक्ट्रिक घ्या म्हणतो, पण आमच्या पार्किंगमध्ये चार्जरचा विषय काढला की कमिटीची मीटिंग मध्यरात्रीपर्यंत चालते. तेव्हा ‘आहे तीच गाडी कायदेशीर करून देतो’ म्हणणारा माणूस देवासारखा वाटला, तर त्यात माझं काय चुकलं?

त्या किटवाल्याचा फोन आला तो एचएसआरपी नंबर प्लेट बसवून घेतल्यानंतर थोड्याच दिवसांनी. त्याला माझ्या गाडीचं मॉडेल माहीत होतं, नोंदणी नोव्हेंबर 2025 ला संपते हेही माहीत होतं. मला वाटलं, म्हणजे सरकारी यादीतलाच माणूस. अहो, गाडीचा नंबर टाकला की कोणत्याही अ‍ॅपवर तिचं वय निघतं. तुमची माहिती सांगतो म्हणून कोणी सरकारचा होत नाही.

दिल्लीचं जे सांगितलं ते खरं होतं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने (एनजीटी) 2015 मध्ये मनाई केली, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ती कायम ठेवली, आणि 1 जुलै 2025 पासून पंपांवर कॅमेरे लावून अशा गाड्यांना इंधन नाकारायला सुरुवात झाली. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते मागे घेतलं. 12 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने वयाच्या कारणावरून मालकांवर कारवाई करू नका असंही सांगितलं. हे मी वाचलेलं होतं आणि त्याला ऐकवलंसुद्धा. तो म्हणाला, ‘‘काका, तात्पुरतं आहे ते. मोठ्या शहरांची यादी निघाली आहे, पुणे त्यात आहे.’’ यादी दाखव म्हटलं तर मोबाइलवर एक पीडीएफ आणि त्यावर अशोकस्तंभ. चष्मा आतल्या खोलीत होता.

मग हायड्रोजनचं पुराण. मार्च 2022 मध्ये गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले तो फोटो. ऑगस्ट 2022 मध्ये आपल्याच पुण्यात देशी बनावटीच्या हायड्रोजन बसचं उद्घाटन झालं ती बातमी. केंद्राच्या ग्रीन हायड्रोजन मिशनचे 19,744 कोटी. एकही गोष्ट खोटी नाही. फक्त त्या बसमध्ये आणि त्या मोटारीत फ्युएल सेल असतो, हायड्रोजनपासून वीज तयार होते आणि मोटर फिरते. माझ्या बॉनेटखाली बसवलेला पाण्याचा डबा आणि ते यांचा काडीचा संबंध नाही, हे सांगायला त्या दिवशी समोर कोणी नव्हतं.

आता ज्या गोष्टीने अजून झोप उडते ती सांगतो.

नऱ्हे-धायरीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी नेली. किट लावण्याआधी आणि लावल्यावर धुराची चाचणी ‘तुमच्या डोळ्यांसमोर’ करणार असं ठरलं होतं. आधीचा आकडा आला 41 एचएसयू. (एचएसयू म्हणजे धूर किती दाट ते मोजायचं एकक.) त्या मुलाने चेहरा असा केला की मलाच अपराध्यासारखं वाटलं. ‘‘काका, खूप आहे.’’ किट बसल्यावर आकडा आला 17. मी थक्क. शेडमधल्या दोघातिघांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

डिझेलची पीयूसी चाचणी कशी होते ते निदान डिझेलवाल्यांना माहीत असतं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात तळापर्यंत दाबायचा आणि सायलेन्सरमध्ये घातलेल्या नळीने धूर मोजायचा. पहिल्या वेळी पोराने असा पाय मारला की शेडचा पत्रा थरथरला. दुसऱ्या वेळी इंजिन गुरगुरलं फक्त. मला ऐकू आलं. मी विचारलंही, ‘‘अरे, पूर्ण दाबलास का?’’ तो हसून म्हणाला, ‘‘हायड्रोजनमुळे आवाज कमी होतो, काका.’’ पंधरा वर्षं जिचा आवाज ऐकतोय ती गाडी अर्ध्या पायाने रेस केली आहे हे कानाला कळलं, आणि डोकं मात्र त्या 17 वर खिळलेलं. तिथे खाली वाकून पाय बघितला असता तर 62,200 रुपये वाचले असते. बुकिंगचे पाच हजार सोडले असते गंगेला.

आणि त्याहून चीड आणणारी गोष्ट. पुण्यात एप्रिल 2010 पासून बीएस-4 लागू होतं, त्यामुळे माझी गाडी बीएस-4. त्या गाड्यांना मर्यादा आहे 50 एचएसयू. म्हणजे जो 41 आकडा बघून मी शरमेने मान खाली घातली, तो पासच होता! माझ्या गाडीला आजारच नव्हता. आकडा सांगणाऱ्याला आधी मर्यादा विचारा. मशिनमधून निघालेला चिटोरा म्हणजे पीयूसी नव्हे, खऱ्या प्रमाणपत्राची नोंद वाहन पोर्टलवर दिसते.

भिंतीवर एआरएआयचं, म्हणजे गाड्या तपासून मान्यता देणाऱ्या पुण्यातल्या संस्थेचं म्हणून एक लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट टांगलं होतं. मी रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो. ज्या संस्थेचं नाव वापरून मला टोपी घातली तिच्या कुंपणाजवळून. बायको हे पाहुण्यांना रंगवून सांगते. पण मला सांगा, भिंतीवरचं प्रमाणपत्र खरं की खोटं हे बघायला आपण कुठे कुठे जातो? डॉक्टरची डिग्री तपासतो का? आता कळलं की किटची मान्यता सरसकट नसते, ती ठरावीक गाड्यांसाठी आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनांसाठी असते. त्या कागदावर ना मॉडेल होतं, ना सीसी. ज्या सर्टिफिकेटवर हे नाही त्याची पुंगळी करून परत द्या. पावतीवरचा जीएसटी नंबरही नंतर मोजला, चौदाच अक्षरं. पंधरा असतात.

त्याने जुनी आरसी मागून घेतली. मूळ. पंधरवड्याने नवीन स्मार्ट कार्ड आणून दिलं, इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल/हायड्रोजन’, वैधता 2040. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर बघितलं तर तिथे नुसतं डिझेल आणि नोव्हेंबर 2025. ‘‘सर्व्हरला वेळ लागतो.’’ मग फोन लागेनासा झाला. आणि गाडीची बॅटरी रोज सकाळी झोपायला लागली.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून डबा बघितला आणि काही न बोलता पोराला चहा आणायला पाठवलं. म्हणाला, ‘‘साहेब, बॅटरीच्या करंटने पाणी फोडायचं आणि तो गॅस इंजिनात सोडायचा, एवढंच आहे हे. तो करंट अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिन तुमच्या डिझेलवर चालतं. एक रुपया घालून बारा आणे काढायचे.’’ डब्यातलं पाणी साधं नव्हतंच, त्यात कॉस्टिक पोटॅश होतं आणि त्याचे तुषार इनटेकमध्ये जाऊन आतून पांढरा थर बसला होता. त्याने आणखी एक सांगितलं: कोणी ‘डिझेल गाडीला सीएनजी लावून देतो, आठवड्यात’ म्हणाला तरी पळा. डिझेल इंजिनला स्पार्क प्लगच नसतो, नुसत्या सीएनजीवर चालायचं तर ठिणगी लागते. पेट्रोलसारखं वरून किट चढवून भागत नाही, इंजिन बदलावं लागतं किंवा त्यात मोठे बदल करावे लागतात.

मग सुरू झाली कचेऱ्यांची यात्रा. कोणत्या कचेऱ्या ते लिहीत नाही, सगळ्यांचं तोंड एकच आहे.

पोलीस चौकीत साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘गाडी चालते ना? किट मिळालं ना? मग फसवणूक कुठे झाली? दिवाणी बाब आहे ही.’’ मी म्हटलं, बनावट आरसी दिली आहे हो, त्यावर सरकारचं चिन्ह आहे. तर म्हणे मूळ आरसी ‘गहाळ’ म्हणून अर्ज लिहा, दाखला लगेच देतो, डुप्लिकेट काढून घ्या, मोकळे व्हा. गहाळ कसली? मी ती माझ्या हाताने दिली, त्याने ती घेतली, माझ्याकडे त्याचा ‘रिसीव्हड ओरिजिनल आरसी’ असा मेसेज आहे! गहाळ लिहिलं की गुन्हाच संपला. म्हणजे यांना कागद हवा तो असा, ज्यात चोर नाही. मी नाही लिहिलं. ‘‘मग बघा तुमचं तुम्ही.’’ शेजारी बसलेला एक एजंट मला हळूच म्हणाला, अडीच हजारात करून देतो.

परिवहन खात्याच्या खिडकीवर वेगळीच मजा. बनावट कार्ड पुढे केलं तर त्या माणसाने ते उलटसुलट केलं, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवलं, दोघे हसले. मग गंभीर होऊन मला विचारलं, ‘‘किट लावलं कोणाच्या गाडीला? मालक कोण? मग जबाबदार तुम्ही.’’ मोटार वाहन कायद्याचं कलम 182 ए खरोखरच तसं आहे, परवानगीशिवाय गाडीत असे बदल केले तर मालकाला प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मी तक्रार करायला गेलो होतो, आरोपी होऊन बाहेर आलो. खिडकीच्या वरच ‘दलालांपासून सावध राहा’ असा बोर्ड, आणि त्या बोर्डाला टेकून दलाल उभे. लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला शिक्का सापडेना. जेवणाची वेळ झाली. नंतर सर्व्हर डाऊन. ज्या सर्व्हरवर भामट्याने खापर फोडलं होतं, तेच खापर इथेही.

आणि या सगळ्या चकरांमध्ये त्याच इमारतीत भिंतीवर लावलेला एक कागद वाचला. महाराष्ट्रात खाजगी मोटारीची पंधरा वर्षं भरली की ती भंगारात जात नाही. फॉर्म 25 भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत. गाडी तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, फेरनोंदणीची फी भरायची, जी 1 एप्रिल 2022 पासून मोटारीला 5,000 रुपये आहे. पाच वर्षं वाढवून मिळतात. डिझेल असली तरी. दिल्लीचा नियम दिल्लीचा, तो पुण्यात नाही. फेरनोंदणीत एकदम 2040 पर्यंतची वैधता तर कोणालाच मिळत नाही. हे वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक पंपावर लावायला यांचं काय जातं?

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, रक्कम पुढे सरकण्याआधी. मला शंका आली तोवर पैसे केव्हाच पुढे गेले होते. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली वरिष्ठांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. मी रजिस्टर्ड पाठवली आहे. पोच आली, उत्तर नाही. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तिथे तक्रार दाखल केली आहे. नोटीस शेडच्या पत्त्यावरून परत आली. शेडचा मालक म्हणतो, अकरा महिन्यांचा करार होता, संपला. करार दाखवायला मात्र तयार नाही.

माझी गाडी तिथे होती त्या दिवशी शेडमध्ये आणखी गाड्या उभ्या होत्या, एक पांढरी इनोव्हा नक्की आठवते. त्यांचे मालक हे वाचत असतील तर बायकोपासून लपवत बसू नका, आयोगात एकत्र तक्रार करता येते. ती बनावट आरसी चौकात दाखवायला जाऊ नका. पण फाडूही नका. किट काढलंत तर डबा जपून ठेवा, पुरावा आहे. आतलं पाणी मोरीत ओतताना हातमोजे घाला. कॉस्टिक आहे, कातडी निघते. माझी निघाली.