दोन भाषांच्या घरात रविवारचा सिनेमा: प्रोजेक्टरचे आठ महिने

गेल्या जूनमध्ये छोटा प्रोजेक्टर घेतला. खानापुरात पाऊस एकदा लागला की संध्याकाळी उंबऱ्याबाहेर पडवत नाही, आणि थिएटरसाठी बेळगावला जायचं तर आईचे गुडघे आड येतात. तेव्हापासून दर रविवारी जेवणं उरकली की मधल्या खोलीत सिनेमा लागतो.

मशीनचं आधी सांगतो. खोलीत पूर्ण अंधार हवा, नाहीतर चित्र फिकं दिसतं. आतला स्पीकर बारीक आहे. वेगळा जोडला तेव्हा कुठे आईला संवाद कळायला लागले. श्रावणात भिंतीला ओल धरली म्हणून पांढरी चादर ताणली, ती अजून तशीच आहे.

खरी अडचण भाषेची. आई मराठी, बायको बैलहोंगलची, कन्नडमध्ये वाढलेली. सबटायटल्स बहुतेक इंग्रजीत, ती आईला वाचता येत नाहीत. म्हणून चेहऱ्यावरून कळणारे सिनेमे शोधत गेलो.

सुरुवात 'श्वास'ने (2004) करा. डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची नजर जाणार, आणि त्याआधी त्याला जग दाखवायला निघालेला आजोबा. आजोबा झालेले अरुण नलावडे गप्प असतात तिथेच जीव गलबलतो. बायकोला एकदाही अर्थ सांगावा लागला नाही.

सगळ्यात रंगला तो कन्नड 'तिथी' (2015). दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडच्या गावातला, बहुतेक कलाकार तिथलेच गावकरी. जमीन विकता यावी म्हणून जिवंत बापाच्या मृत्यूचा दाखला काढणारा मुलगा बघून आई ताठ बसली. "आमच्या भावकीत ह्याहून काय वेगळं झालंय?" मंड्याची कन्नड बायकोलाही मधेमधे अडली, तरी ती आईला मराठीत सांगत राहिली. त्या रात्री दोघी बाराच्या पुढेपर्यंत जमिनीच्या विषयावरच बोलत होत्या.

'सैराट' (2016) पाहिल्यावर आठवड्याने त्याचा कन्नड रिमेक 'मनसु मल्लिगे' (2017) लावला. नायिका दोन्हीकडे रिंकू राजगुरूच, त्यामुळे आईला कन्नडमध्येही गोष्ट सापडत गेली. मला मूळचाच जास्त भिडला. शेवटी आवाज बंद होतो तेव्हा आमच्या खोलीतही कुणी हललं नाही. जवळपास तीन तासांचा आहे, मध्ये चहाला थांबा.

'कोर्ट' माझा फार आवडता, पण घरात जमला नाही. लांबच लांब स्थिर दृश्यं, त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती एकत्र. आई अर्ध्यातून उठली. तो मी नंतर एकट्याने पुन्हा पाहिला.

एक लक्षात ठेवा: आमच्या प्रोजेक्टरला बॅटरी नाही. पावसाळ्यात करंट जातोच, तेव्हा इन्व्हर्टरवर जोडा.